हीथ

हीथ : (कुल-एरिकेसी). एरिकेसी कुलातील एरिका, कॅलुना व डॅबोइसिया या तीन प्रजातींतील (वंशांतील) बारीक पानांच्या, सदापर्णी व बहुधा खुज्या झुडपांना हीथ हे सामान्य नाव दिले जाते. यांपैकी कॅलुना या प्रजातीत कॅलुना व्हल्गॅरिस ही एकच जाती असून तिला ‘हेदर’ असे वेगळे नाव आहे. तथापि बोलण्यात व बागवानीच्या पुस्तकांतही हीथ व हेदर ही नावे पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरली जातात. इंग्रजीत ‘हीथ’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे : ही झुडपे जिथे विपुल वाढतात ते वृक्षहीन, निकस जमिनीचे माळरान. वनस्पती व भूमी यांना एकच नाव असण्यामागे कारण आहे. त्या भूमीचे रूप या झुडपांमुळेच ठरते आणि ही झुडपे त्या भूमीबाहेर, मुद्दाम लावल्याखेरीज, क्वचितच आढळतात. पुढील विवेचनात घोटाळा टाळण्यासाठी भूमीच्या अर्थी ‘हीथभूमी’ हा शब्द वापरला आहे. इंग्रजी साहित्याच्या मराठी वाचकाला ही भूमी अपरिचित नाही. एमिली ब्राँटी यांच्या वदरिंग हाइट्स (१८४७) मधील उजाड पठार हेदरचे आहे व टॉमस हार्डी यांच्या द रिटर्न ऑफ द नेटिव्ह (१८७८) मधील एग्डन हीथ ही डॉर्सेट परगण्यातील हीथभूमीवरून रंगविलेली आहे.

एरिका ही प्रजाती फार मोठी असून तीत सु. ८०० हून अधिक जाती आहेत. त्यांपैकी सु. ७०० जाती दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशात एकवटलेल्या आहेत आणि यूरोपात जेमतेम वीसएक आढळतात. एवढ्या असमान वाटणीचे दुसरे उदाहरण वनस्पतिसृष्टीत सहज सापडत नाही. केप टाउनलगतच्या चिंचोळ्या द्वीपकल्पावरच शंभराहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. या दोन टोकांना जोडणारा दुवा म्हणजे पूर्व आफ्रिकेचे उंच पर्वत. किलिमांजारो, रूवेंझोरी व इथिओपियाचे डोंगर यांवर सु. ३,००० मी. उंचीच्या पुढे वृक्षाएवढ्या वाढणाऱ्या एरिकांचा स्वतंत्र पट्टा असून दमट जागी त्यांच्या फांद्यांवर शैवाक व दाढीसारखी लोंबणारी शेवाळी दाटून येतात. भूमध्य समुद्राभोवती आढळणारी एरिका आर्बोरिया (वृक्ष-हीथ) हीच जाती या आफ्रिकी पर्वतांवरही सापडते. कॅलुना मात्र यूरोप, त्यालगतचा आशियाचा भाग व वायव्य आफ्रिकेचे टोक एवढ्यापुरतीच मर्यादित आहे.

लक्षणे : हेदर हे साधारणपणे २० ते ६० सेंमी. व क्वचित १ मी. पर्यंत उंच वाढणारे, काटक फांद्यांचे झुडूप आहे. पाने अवघी १ ते ३ मिमी. लांब, खवल्यांसारखी, संमुख व चार रांगांत एकमेकांना चिकटून बसलेली असतात, त्यामुळे डहाळी विणलेल्या गोफासारखी दिसते. फुले ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात. ती जांभळट गुलाबी, क्वचित पांढरी व ३-४ मिमी. लांब असतात. हेदरच्या फुलात रंग दिसतो तो मुख्यत्वे संदलाचा. चार संदले पाकळ्यांहून लांब व त्यांच्याच रंगाची असून पुष्पमुकुट त्यांच्या आत झाकलेला असतो. एरिकात याच्या उलट स्थिती असते. तिथे संदल लहान व हिरवट असून पुष्पमुकुट हा घंटा, मडके किंवा नळी यांच्या आकाराचा, ठळक व चार दातांचा असतो. एरिकाची पाने सुईसारखी व बहुधा तीन-चारांच्या मंडलांत असतात. ही दोन लक्षणे ध्यानात ठेवली, तर वाळलेल्या डहाळीवरूनही दोन्ही प्रजाती ओळखता येतात. कारण पुष्पमुकुट व संदल गळून न पडता सुकून झाडावरच राहतात. लिनीअस यांनी १७५३ मध्ये हेदरचा समावेश एरिकातच केला होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सॉल्झबरी यांनी ती वेगळी प्रजाती मानली. कॅलुना हे नाव झाडणे अथवा सजविणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे व ते यथार्थ आहे, कारण हेदरच्या डहाळ्यांचे खराटे यूरोपच्या खेड्यांत शतकानुशतके वापरले जात.

दोन्ही प्रजातींत केसरदले आठ असून परागकोश टोकाशी छिद्रांनी उघडतात. परागकण सुटे नसून चार-चारांच्या पुंजक्यांत असतात. फळ लहान बोंड असून बी धुळीसारखे बारीक असते. हेदरचे एक मोठे झुडूप एका हंगामात असंख्य बिया जमिनीत सोडते आणि त्या जमिनीत कित्येक दशके उगवणक्षम राहतात. या साठ्याचे महत्त्व पुढे दिसून येईल.

पाने व मुळे : पश्चिम यूरोपच्या सतत ओल्या, धुक्याच्या हवेत वाढणाऱ्या या झुडपांची पाने वाळवंटी वनस्पतींसारखी का असावीत, हा प्रश्न जुन्या वनस्पतिवैज्ञानिकांना पडला होता. एरिकाच्या पानाच्या कडा खाली व आत वळलेल्या असतात; त्यामुळे पानाच्या खालच्या बाजूस एक अरुंद खोबण तयार होते व त्वग्रंध्रे या खोबणीत, बारीक केसांच्या आड असतात. वरची उपत्वचा जाड व मेणचट असते. ही सर्व पाणी वाचविण्याची चिन्हे होत. उत्तराचा एक भाग वाऱ्यात व हिवाळ्यात आहे : जमीन गोठली असता मुळांना पाणी मिळत नाही, पण वारा पानांतून ते ओढून घेत असतो. उत्तराचा दुसरा व अधिक महत्त्वाचा भाग जमिनीच्या दारिद्र्यात आहे. जिथे नायट्रोजन व फॉस्फरस कष्टाने मिळतात, तिथे दरवर्षी सर्व पाने टाकून नवी करणे वनस्पतीस परवडत नाही. लहान, चिवट व एकाहून अधिक वर्षे टिकणारे पान ही एक प्रकारची काटकसर आहे. सदापर्णीपणा येथे वैभवाचे लक्षण नसून गरिबीचे आहे.

मुळांची व्यवस्थाही तशीच आहे. हीथच्या शेवटच्या मुळ्या केसांइतक्या बारीक असून त्यांच्या बाह्य पेशींत एका विशिष्ट प्रकारच्या कवकाचे तंतू वेटोळे करून राहतात. कवक व मूळ यांच्या या सहजीवनास संकवक म्हणतात. हीथमधील कवक अर्धवट कुजलेल्या जैव पदार्थांतील नायट्रोजन विघटित करून वनस्पतीस पुरवितो व मोबदल्यात तिच्याकडून शर्करा घेतो. सामान्य पिकांना निरुपयोगी असणाऱ्या आंबट, काळ्या मृदेवर ही झुडपे तग धरतात ती या भागीदारीच्या बळावर. खत घातले की ही भागीदारी निरर्थक होते आणि गवत बाजी मारते.

हीथभूमीची उत्पत्ती : हीथभूमी ही आदिम, मानवाचा स्पर्श न झालेली निसर्गसृष्टी आहे, असा समज अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील कवी व चित्रकार यांनी रूढ केला. तो बव्हंशी चुकीचा आहे. वाऱ्याने झोडपलेले समुद्रकिनाऱ्याचे कडे व पर्वतांवरील वृक्षरेषेपलीकडचा भाग सोडला, तर पश्चिम यूरोपातील जवळजवळ सर्व हीथभूमी जंगल तोडून निर्माण झालेली आहे. पीटमध्ये व जुन्या टेकाडांखाली गाडल्या गेलेल्या मृदेत सापडणाऱ्या परागकणांच्या अभ्यासाने हे निःसंशय सिद्ध झाले आहे : खालच्या थरांत ओक, हेझल, बर्च यांचे परागकण आणि वरच्या थरांत हेदरचे. हा बदल नवाश्मयुगात सुरू झाला व ब्राँझयुगात त्याने वेग घेतला. शेतकऱ्यांनी वालुकामय जमिनीवरील विरळ जंगल तोडले, काही पिके काढली, गुरे चारली व जाळले. झाडांची खोल मुळे पोषक द्रव्ये वर आणीत असत. ती नाहीशी झाल्यावर पावसाने चुना व लोह खाली वाहून नेले आणि पृष्ठभागाखाली राखेच्या रंगाचा निकस थर व त्याच्याही खाली लोहाचा कठीण पापुद्रा तयार झाला. या मृदेला पॉडझॉल म्हणतात. हेदरची आंबट पालापाचोळ्याची चादर ही क्रिया आणखी वाढविते. म्हणजे हीथ गरीब जमिनीवर येते व ती जमीन गरीबच राहील याचीही तजवीज करते.

एकदा तयार झालेली हीथभूमी आपोआप टिकत नाही. चराई, डहाळ्या कापणे व जाळणे थांबले की पाइन व बर्च यांची रोपे शिरतात आणि वीस-तीस वर्षांत पुन्हा वन उभे राहते. डार्विन यांनी ओरिजिन ऑफ स्पीशीज (१८५९) मध्ये सरी परगण्यातील फार्नमजवळचे एक निरीक्षण नोंदविले आहे. कुंपण घातलेल्या हीथभूमीवर पाइनची दाट गर्दी होती, तर उघड्या हीथभूमीवर एकही झाड दिसत नव्हते. मात्र हेदरच्या काड्या बाजूला सारून पाहता एका चौरस यार्डात त्यांना गुरांनी वारंवार खुडलेली पाइनची बत्तीस रोपे मोजता आली. त्यांतील एका रोपाला सव्वीस वार्षिक वलये होती. सव्वीस वर्षे हे झाड डोके वर काढण्याचा प्रयत्न करीत होते व गुरे ते खुडत होती. हीथभूमीचे सर्व परिस्थितिविज्ञान या एका चौरस यार्डात सामावलेले आहे असे म्हणता येईल.

हेदरच्या झुडपाचे आयुष्य साधारणतः तीस ते चाळीस वर्षांचे असते. ए. एस. वॉट यांनी १९५५ मध्ये त्याच्या चार अवस्था वर्णिल्या : रोपावस्था, भरीची अवस्था, प्रौढावस्था व ऱ्हासाची अवस्था. शेवटच्या अवस्थेत झुडपाच्या मधल्या फांद्या आडव्या पडून मध्यभागी पोकळी निर्माण होते व तिथे शेवाळी, गवत किंवा नवी रोपे येतात. भरीच्या अवस्थेतील झुडूप कापले किंवा जाळले असता बुंध्याशी नवे धुमारे फुटतात. जून झुडपात ही शक्ती उरत नाही आणि पुनरुत्पादन केवळ जमिनीतील बियांच्या साठ्यावर अवलंबून राहते. जाळण्याची वेळ साधणे हे म्हणूनच कौशल्याचे काम आहे. स्कॉटलंडमध्ये तांबड्या ग्राऊस या पक्ष्याच्या शिकारीसाठी राखलेल्या पठारांवर हेदर दर दहा-पंधरा वर्षांनी अरुंद पट्ट्यांत जाळण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. ग्राऊसला खाण्यासाठी कोवळे धुमारे व लपण्यासाठी जुने दाट हेदर अशी दोन्ही जवळजवळ लागतात. पट्ट्यांमुळे ते साधते व दुरून पाहता डोंगर ठिगळे लावल्यासारखा दिसतो.

या पद्धतीविषयी अलीकडे तीव्र मतभेद निर्माण झाले आहेत. खोल पीट असलेल्या जागी आग लावल्याने पीटमध्ये साठलेल्या कार्बनाची हानी होते, दलदलीतील शेवाळी मरतात व खाली वाहणारे पाणी गढूळ होते, असा एक पक्ष आहे. नियंत्रित आग न लावल्यास वाळके हेदर साठून उन्हाळ्यात मोठे वणवे पेटतात, असे दुसरा पक्ष म्हणतो. इंग्लंडमध्ये २०२१ साली संरक्षित क्षेत्रांतील खोल पीटवर जाळण्यास परवान्यावाचून बंदी करण्यात आली व स्कॉटलंडने २०२४ मध्ये परवानापद्धतीचा कायदा केला. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कोरड्या वालुकामय हीथभूमीस लागू पडणारा नियम ओल्या पीटला लावला, की तो चुकतो.

ऱ्हास व संरक्षण : एकोणिसाव्या शतकापर्यंत हीथभूमी ही खेड्याच्या अर्थव्यवस्थेचा भाग होती. जर्मनीतील ल्यूनेबुर्ग प्रदेशात शेतकरी हेदरसकट मातीचे वरचे ढेकूळ कापून नेत, ते गोठ्यात अंथरीत व शेणमूत्राने भिजलेले हे अंथरूण शेतात खत म्हणून घालीत. थोड्या शेताला जगविण्यासाठी त्याच्या अनेक पटींनी मोठी हीथभूमी अशी सोलली जाई. तिथल्या हाइडश्नुके या करड्या, शिंगाळ मेंढ्या हेदरवरच जगतात. रासायनिक खते व परदेशी लोकर आल्यावर ही व्यवस्था कोसळली. डेन्मार्कने १८६४ च्या युद्धात दक्षिणेचा प्रदेश गमावल्यानंतर १८६६ मध्ये एन्रिको डाल्गास यांच्या पुढाकाराने हीथ मंडळ स्थापन झाले व जटलंडमधील बहुतेक हीथभूमी शेतीखाली आणि वनाखाली आली. त्या काळी यास राष्ट्रकार्य मानले गेले व ते तसे होतेही. इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यात १८११ साली सु. ३०,००० हेक्टर हीथभूमी होती. १९६० पर्यंत ती सु. १०,००० हेक्टर उरली आणि जी उरली तिचे अनेक तुकडे झाले. डार्टफर्ड वॉर्ब्लर हा पक्षी, वाळूतील सरडा, गुळगुळीत खवल्यांचा स्मूथ स्नेक व कित्येक फुलपाखरे यांना अशा तुकड्यांत टिकून राहणे अवघड जाते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हानीचे एक नवे कारण पुढे आले. नेदर्लंड्समध्ये सघन पशुपालनातून सुटणारा अमोनिया पावसाबरोबर जमिनीत उतरू लागला. नांगर किंवा कुऱ्हाड न लावता हीथभूमीला नकळत खत मिळत गेले, हेदरवरील भुंगेऱ्याच्या (लॉक्मिया सुच्युरॅलिस) धाडी वाढल्या आणि मोलिनिया व डेशॅम्प्सिया या गवतांनी मोठमोठी क्षेत्रे व्यापली. उपाय म्हणून आता यंत्राने मातीचा वरचा थर खरवडून काढण्यात येतो. जुना शेतकरी पोटासाठी जे करीत असे, तेच आज निसर्गरक्षणासाठी पैसे मोजून करावे लागते. ल्यूनेबुर्गची हीथभूमी १९२१ मध्ये संरक्षित क्षेत्र झाली असून तिथे मेंढ्यांचे कळप याच कामासाठी पाळले जातात.

हीच वनस्पती अन्यत्र उपद्रवी ठरली आहे. न्यूझीलंडच्या टाँगारीरो राष्ट्रीय उद्यानात ग्राऊसची शिकार रुजविण्याच्या हेतूने १९१२ पासून हेदरचे बी पेरण्यात आले. ग्राऊस टिकला नाही, हेदर मात्र स्थानिक टसॉक गवतावर मात करून पसरले. १९९६ मध्ये यूरोपातून तोच भुंगेरा तिथे मुद्दाम सोडावा लागला. यूरोपात जो कीटक संकट, तोच तिथे साहाय्यक.

उपयोग : हेदरपासून छपरे शाकारणे, दोर वळणे, अंथरुणे भरणे व लोकरीस पिवळा रंग देणे ही कामे स्कॉटलंडच्या बेटांवर पूर्वी केली जात. आज महत्त्वाचा उरलेला उपयोग मधाचा आहे. ऑगस्टमध्ये मधमाश्यांच्या पेट्या हेदरच्या पठारांवर नेण्याची प्रथा अजून आहे. हा मध तांबूस, किंचित कडवट व मुरंब्यातील पाकासारखा घट्ट असतो. ढवळला की पातळ होतो व स्थिर ठेवल्यास पुन्हा थिजतो. त्यामुळे तो नेहमीच्या यंत्रात फिरवून निघत नाही, पोळे दाबून काढावा लागतो. वृक्ष-हीथच्या बुंध्याशी जमिनीलगत लाकडाची कठीण गाठ तयार होते. ती उष्णतेने सहसा जळत किंवा तडकत नसल्याने तिच्यापासून तंबाखू ओढण्याचे पाइप करतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समधील सां-क्लोद हे गाव या उद्योगाचे केंद्र बनले.

केप प्रदेशातील एरिका : दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकास हिवाळी पावसाचा, निकस वालुकाश्म मृदेचा प्रदेश आहे. तिथल्या झुडपी वनश्रीस फिनबोस म्हणतात. यूरोपातील हीथभूमी मानवनिर्मित, तर फिनबोस नैसर्गिक व अतिप्राचीन आहे. मात्र आग दोन्हीकडे आवश्यक. फिनबोसमध्ये साधारणतः दहा ते वीस वर्षांनी वणवा येतो. एरिका सेरिंथॉयडीस सारख्या काही जाती जमिनीतील गाठीपासून पुन्हा फुटतात. बहुसंख्य जाती जळून मरतात व केवळ बियांपासून उगवतात. पुष्कळ बियांना धुरातील रासायनिक द्रव्यांचा संस्कार झाल्यावाचून अंकुर येत नाही, हे १९९० नंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे.

फुलांचे येथील वैविध्य थक्क करणारे आहे. लाल, नारिंगी, पिवळी, हिरवट, मेणासारखी पांढरी. काहींची नळी ३ सेंमी.हूनही लांब व चिकट. लांब व वाकड्या नळ्यांच्या जातींचे परागण सूर्यपक्षी करतात, विशेषतः नारिंगी छातीचा सूर्यपक्षी. आपल्याकडील शिंजीर याच कुलातील होय. अरुंद नळ्यांच्या जातींवर लांब सोंडेच्या माश्या येतात, बऱ्याच जातींवर मधमाश्या व काहींवर वाऱ्याचे काम चालते. एरिका हॅनेकोमाय या जातीचे परागण उंदीरवर्गीय प्राणी करतात. एकाच डोंगरावर इतक्या जाती एकमेकींत न मिसळता कशा राहिल्या, याचा उलगडा काही अंशी या निरनिराळ्या परागवाहकांमुळे होतो.

उद्यानांतील इतिहास : क्यू उद्यानाने पाठविलेला संग्राहक फ्रान्सिस मॅसन १७७२ मध्ये केप टाउनला पोहोचला. त्याने व त्याच्या मागून आलेल्यांनी पाठविलेल्या एरिकांनी लंडन, पॅरिस व व्हिएन्ना येथील श्रीमंतांना वेड लावले. हेन्री अँड्रूझ यांनी १७९४ पासून केवळ हीथच्या रंगीत चित्रांचे ग्रंथ काढले. एडिंबरो येथील विल्यम मॅकनॅब यांनी १८३२ मध्ये केप-हीथच्या लागवडीवर पुस्तिका लिहिली. ही हौस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर ओसरली. एरिकांना थंड, कोरडी व खेळती हवा हवी असते. वाफेच्या नळांनी तापविलेली दमट काचगृहे आली तेव्हा ती ऑर्किडांना मानवली, एरिकांना नाही. संग्रह मोडले व शेकडो जाती यूरोपातून नाहीशा झाल्या.

त्या मोडलेल्या संग्रहांतून वाचलेल्या एका जातीची हकीकत सांगण्याजोगी आहे. एरिका व्हर्टिसिलॅटा ही जाती केप टाउनच्या सखल वालुकामय भागात, हंगामी पाणथळ जागांच्या कडेने वाढत असे. शहर पसरत गेले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती नैसर्गिक अवस्थेत नामशेष झाली. पुढे ती कायमची गेली असे धरले गेले. १९८४ मध्ये प्रिटोरियातील एका सार्वजनिक उद्यानात तिचे झुडूप आढळले. मग शोध सुरू झाल्यावर क्यू येथे व व्हिएन्नातील बेल्व्हेडेअर उद्यानातही ती जिवंत सापडली. व्हिएन्नाचे रोप सम्राट दुसरा जोसेफ याने अठराव्या शतकाच्या अखेरीस केपला धाडलेल्या बोस व शॉल या माळ्यांच्या संग्रहातून, छाट कलमांच्या द्वारा पिढ्यान्‌पिढ्या उतरले असे मानले जाते. ही रोपे केप टाउनच्या कर्स्टनबॉश उद्यानात वाढविण्यात आली व १९९४ पासून राँडेव्हले येथे आणि नंतर इतर संरक्षित तुकड्यांवर लावण्यात आली. तथापि लावलेले झुडूप जगणे म्हणजे जातीचे पुनरुज्जीवन नव्हे. निरनिराळ्या उद्यानांतील मोजकी कलमे एकत्र आणून त्यांच्यात परपरागण घडविणे, बी जमिनीत साठणे व वणव्यानंतर त्यातून रोपे उगवणे हे टप्पे पार पडावे लागतात. आणि शहराने वेढलेल्या जागी वणवा लावण्यास शेजारी सहसा राजी नसतात.

लागवड : यूरोपच्या उद्यानांत आज मुख्यतः उत्तरेकडील काटक जाती लावतात. हेदरचे शेकडो प्रकार उपलब्ध असून त्यांत दुहेरी फुलांचे, तसेच हिवाळ्यात पाने सोनेरी किंवा तांबडी होणारे प्रकार आहेत. काही प्रकारांच्या कळ्या कधीच उमलत नाहीत व त्यामुळे रंग कित्येक आठवडे टिकतो. शरद ऋतूतील कुंड्यांच्या व्यापारात त्यांनाच मागणी असते. आल्प्स पर्वतातील एरिका कार्निया डिसेंबर ते एप्रिल या काळात, प्रसंगी बर्फातून फुले वर काढते. हिच्याशी एरिका एरिजेना या आयर्लंड व आयबेरियातील जातीचा संकर डर्बिशरमधील डार्ली डेल येथील रोपवाटिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपोआप झाला. डार्लीएन्सिस हा संकर आज हिवाळी हीथमध्ये सर्वांत सोपा समजला जातो. कॉर्निश हीथ (एरिका व्हॅगन्स), घंटेसारख्या गडद फुलांची एरिका सिनेरिया, ओलसर जागेची एरिका टेट्रॅलिक्स व आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील डॅबोइसिया कँटॅब्रिका याही लावल्या जातात. ब्रिटनमध्ये १९६३ साली हीथप्रेमींचे हेदर मंडळ स्थापन झाले. १९६० नंतरच्या दोन दशकांत हीथ व खुजे शंकुधारी वृक्ष यांची एकत्र लागवड एवढी लोकप्रिय झाली, की पुढच्या पिढीने ती शिळी म्हणून टाकून दिली. त्यात झुडपांचा दोष नव्हता. एकेक रोप ठिपक्यांसारखे विखरून लावण्याचा होता. हीथ गटाने, माळावर असते तशी सलग लावली तरच शोभते.

मृदा अम्लीय (पीएच मूल्य सु. ४.५ ते ५.५), निचऱ्याची व भरपूर जैव पदार्थाची असावी, जागा उघड्या उन्हाची. कार्निया, डार्लीएन्सिस व एरिजेना यांना थोडा चुना सोसतो, हेदरला मुळीच नाही. रोप खालची पाने जमिनीला टेकतील इतके खोल लावतात. शेणखत व रासायनिक खत टाळावे. नव्या उत्साही बागवानांच्या हातून हीथ मरतात त्या बहुधा अतिपोषणाने किंवा पहिल्या उन्हाळ्यातील पाण्याच्या हयगयीने. पूर्वी पीट मुबलक घालीत. पण पीट उपसण्याने दलदली नष्ट होतात म्हणून त्याऐवजी पाइनची साल व कुजलेला पालापाचोळा वापरणे इष्ट. फुले सुकल्यावर दरवर्षी छाटणी करतात, मात्र कात्री पाने असलेल्या भागापलीकडे जुन्या लाकडात जाऊ नये, कारण तिथून धुमारे क्वचितच फुटतात. अभिवृद्धी उन्हाळ्यात घेतलेल्या ३-४ सेंमी.च्या छाट कलमांनी किंवा दाब कलमांनी करतात. पाणी साचल्यास फायटॉप्थोरा कवकसदृश रोगाने मुळे कुजतात.

भारतातील स्थिती : एरिका, कॅलुना व डॅबोइसिया या प्रजातींतील एकही जाती भारतात नैसर्गिक रीत्या आढळत नाही. त्यांच्या कुलातील वनस्पती मात्र विपुल आहेत. हिमालयात वृक्षरेषेच्या वर ऱ्होडोडेंड्रॉनच्या खुज्या, सुवासिक पानांच्या जाती (उदा., ऱ्होडोडेंड्रॉन अँथोपोगॉन) व कॅसिओपी फॅस्टिजिएटा ही हेदरसारख्या चार रांगांतील पानांची व पांढऱ्या घंटांची वनस्पती मिळून जी वनश्री बनते, ती रूपाने हीथभूमीच होय. दक्षिणेत नीलगिरीवर गॉल्थेरिया फ्रॅग्रँटिसिमा (विंटरग्रीन तेल देणारी) व ऱ्होडोडेंड्रॉन आर्बोरियमचा एक प्रकार आढळतो [⟶ एरिकेसी, ऱ्होडोडेंड्रॉन]. महाराष्ट्रात कासच्या पठारासारखे जांभ्या खडकाचे सडे पातळ, निकस व आंबट मृदेचे असून तिथे यूरोपच्या ओल्या हीथभूमीप्रमाणेच ड्रॉसेरा ही कीटकभक्षक वनस्पती सापडते. कीटक पकडून नायट्रोजनाची उणीव भरून काढणे, हा दोन्हीकडे एकाच अडचणीवरील एकच तोडगा. पण सड्यावरची वनश्री पावसाळी व अल्पायुषी आहे, सदापर्णी झुडपांची नाही. कारण तिथे आठ महिने पाणीच नसते.

महाराष्ट्राच्या सपाटीवरील कडक उन्हाळा आणि त्यापाठोपाठचा मुसळधार पाऊस यांत खऱ्या हीथ जगविणे जवळजवळ अशक्य आहे. पुण्या-मुंबईकडील रोपवाटिकांत ‘हेदर’ अथवा ‘फॉल्स हेदर’ या नावाने जे बारीक पानांचे, जांभळ्या वा पांढऱ्या फुलांचे खुजे झुडूप वाफ्यांच्या कडेला लावण्यासाठी विकले जाते ते क्यूफिया हिसॉपिफोलिया होय. ते मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील असून त्याचे कुल लिथ्रेसी, म्हणजे मेंदी व तामण यांचे आहे. त्याच्या फुलात सहा सुट्या पाकळ्या असतात, त्यावरून ते खऱ्या हीथपासून तत्काळ वेगळे ओळखता येते. त्यास आंबट मृदा लागत नाही, खत व पाणी मानवते आणि छाटणी केली असता ते वर्षभर फुलते.